जेवणाच्या टेबलावर चार माइक

कालव्याकाठचा रस्ता अर्धा सरला तेव्हा वहिनींच्या लक्षात आलं की मगापासून आपण एकट्याच बोलतोय.

बस पुलाजवळ बंद पडली होती. ड्रायव्हरनं बॉनेट उघडून आत डोकं घातलं ते बाहेर काढायचं नावच घेईना, तेव्हा वहिनी आणि त्यांचे धाकटे दीर पायीच निघाले होते. भाऊजींच्या काखेत बाजारातून आणलेला एक जड खोका होता. तो त्यांनी अंड्यांची पाटी धरावी तसा जपून धरला होता. वहिनींच्या पिशवीत वायरींची वेटोळी आणि चिमट्याचे चार छोटे माइक. आपल्याला बरोबर का आणलं हे वहिनींना अजून उलगडलं नव्हतं. "सोबतीला चला" एवढंच भाऊजी म्हणाले होते. दुकानात मात्र दुकानदार काहीही बोलला की भाऊजी वहिनींच्या तोंडाकडे बघत होते. वहिनी "हो" म्हणाल्या की हे "हो", त्या "नको" म्हणाल्या की हे "नको".

"आक्कांचा गुडघा परत धरलाय," वहिनी म्हणाल्या.

"हो ना," भाऊजी म्हणाले.

"परवा जिना उतरताना रडायच्याच बाकी होत्या."

"हो ना, हो ना." आणि वर एक छोटंसं हसू.

वहिनी चमकल्या. बहिणीच्या गुडघ्यावर हसणारा हा माणूस नव्हे. मग चेहऱ्यावरची रेषही हलू न देता म्हणाल्या, "भाऊजी, मी उद्यापासून सर्कशीत जाते म्हणते. झोपाळ्याला उलटं लटकायचं काम आहे."

"चांगलं आहे," भाऊजी म्हणाले. "तब्येतीला बरं."

वहिनी जागच्या जागी थांबल्या. भाऊजी तसेच थोडे पुढे गेले, मग बाजूला सावली दिसेना म्हणून वळले. वहिनी त्यांना वळसा घालून उजव्या बाजूला आल्या आणि तेच वाक्य परत बोलल्या.

"सर्कशीत?" भाऊजी दचकले. "या वयात?"

आणि मग त्यांना सगळं कळलं. म्हणजे वहिनींना कळलं आहे हे कळलं. कालव्याच्या कठड्यावर त्यांनी हळूच खोका टेकवला आणि स्वतःही टेकले.

धाकटे म्हणजे शिलाई मशीन दुरुस्त करणारे. कोपऱ्यावर चिंचोळं दुकान, आत एक माणूस आणि एक मशीन मावेल एवढंच. दुसरं गिऱ्हाईक आलं की पहिल्यानं बाहेर यायचं. लग्नाचं राहूनच गेलं. आक्कांचं म्हणणं, मुलगी बघायला गेले की हे मुलीऐवजी घरातलं मशीन बघून येत. दुकानामागच्या दोन गल्ल्या सोडून एका खोलीत एकटे राहत. एखादी गोष्ट डोक्यात बसली की तिचा पार भुगा करायचा, ही खोड लहानपणापासूनची. एकदा थोरल्या भावाच्या दाराला त्यांनी स्वतः घंटी बसवून दिली. घंटी उत्तम वाजत होती, फक्त शेजाऱ्यांच्या घरात. शेजारी बिचारे दार उघडून बघत आणि कोणी नाही म्हणून परत जात. तीही त्यांनी हट्टानं दुरुस्त केली. मग दोन्ही घरांत वाजायला लागली.

असा हा माणूस कठड्यावर बसून, शाळेत मार्क लपवलेल्या मुलासारखा पायाकडे बघत सांगत होता, "डावा कान गेलाच म्हणा. उजव्यानं समोरच्या एकाचं येतं. दुकानात चालून जातं, तिथं दोन माणसं मावतच नाहीत. पण तुमच्याकडे रविवारी सगळे जमलात की काही सुटं ऐकू येत नाही. सगळ्यांची पेस्ट होते."

"म्हणून तुम्ही जेवायला येत नव्हता?"

भाऊजींनी मान हलवली.

गेले कित्येक महिने त्यांची कारणं चालू होती. पोट बिघडलंय. गिऱ्हाईक थांबलंय. पाहुणे आलेत, आणि त्यांच्याकडे येणारे सगळे पाहुणे तर याच टेबलावर जेवत होते. थोरल्यांच्या ते जिव्हारी लागलं होतं. थोरले बसचे कंडक्टर. निवृत्त झाले तरी आवाज अजून नोकरीतच होता. "साहेब झालाय तो," असं ते दर रविवारी रिकाम्या खुर्चीकडे बघून म्हणत. "आपल्यात बसायला कमीपणा वाटतो त्याला." वहिनी ऐकून घेत आणि त्या खुर्चीसमोर ताट मांडून ठेवत.

"कानात घालायचं यंत्र असतं की," वहिनी म्हणाल्या.

"आहे. ड्रॉवरमध्ये. ते सगळ्यांनाच मोठं करतं हो. दादाला आणखी मोठा करून काय करायचं?"

हे वहिनींना लगेच पटलं.

"मग या वायरी?"

भाऊजींचा चेहरा एकदम खुलला. यंत्राबद्दल कोणी विचारलं की त्यांची लाज पळून जाई. "मागे एकदा मी टेबलावर दोन माइक ठेवले होते ना? घरातल्यांचे आवाज जपून ठेवायचेत म्हणालो होतो. ते दोन्ही थेट कॉम्प्युटरला जोडले होते. सुरुवातीला टाळी वाजवून दोन्ही जुळवले. पण प्रत्येक माइकचं घड्याळ आपापलं असतं, वहिनी. एक केसभर पुढे पळतं, एक केसभर मागे राहतं. जेवायला बसलात तेव्हा दोन्ही माइक बरोबर चालत होते. ताटं उचलायची वेळ आली तोवर आक्काचा प्रश्न संपायच्या आत दादाचं उत्तर सुरू."

"ते तसंच करतात."

"मलाही आधी तेच वाटलं! चार दिवस मी मशीनला दोष दिलाच नाही." ते हसले. "आता हा खोका. चारही माइक याला जोडायचे, चौघांना मिळून एकच घड्याळ. कॉम्प्युटरला वाटतं एकच पाहुणा आलाय, पण त्याला तोंडं चार. तो चौघांचं वेगवेगळं लिहून घेतो. मग मी घरी बसून एकेकाचं ऐकणार. एका वेळी एक माणूस, मला जसा लागतो तसा."

वहिनींनी खोक्याकडे बघितलं, मग दिराकडे. यातलं फारसं काही त्यांच्या डोक्यात शिरलं नव्हतं. पण जेवणाच्या टेबलावर परत यायला या माणसानं एवढा खटाटोप मांडलाय, तेवढं शिरलं.

"कोणाला सांगू नका," भाऊजी म्हणाले. "दादाला तर नाहीच. कीव करायला लागेल."

"मी खोटं बोलणार नाही, भाऊजी. मला देवाला तोंड दाखवायचंय."

"खोटं कशाला बोलता? विचारलंच कोणी तर गप्प बसा."

"मी गप्प बसले तर सगळ्यांना आधी तोच संशय येईल," वहिनी म्हणाल्या. पण कबूल झाल्या.

पुढच्या रविवारी रिकाम्या खुर्चीवर माणूस आला, टेबलाखाली खोका आणि बाजूच्या स्टुलावर त्याचा कॉम्प्युटर. थोरल्यांनी "या साहेब" म्हणून तोंड फिरवलं, पण गळ्यापाशी चिमटा लावायला मान मात्र वर केली. चौघांना चार माइक: थोरले, आक्का, वहिनी आणि वहिनींची लेक. भाऊजींनी स्वतःला लावला नाही. "मी काय बोलतो ते मला माहीत आहे," असं त्यांचं उत्तर.

"बोल काहीतरी, दादा. आवाज बघतो."

"पुढे सरका! पुढे सरका! दारात कोणी थांबू नका!"

कॉम्प्युटरच्या पडद्यावरची हिरवी रेघ लालभडक झाली. भाऊजींनी खोक्याचं बटण पार शेवटाला नेलं तरी थोरले स्वतःच्या माइकमध्ये होतेच, शिवाय आक्कांच्यात होते, वहिनींच्यात होते आणि लेकीच्याही. शेवटी त्यांची खुर्ची टेबलाच्या टोकाला नेली आणि बाकीच्यांचे माइक आणखी गळ्याशी आणले.

"जपून ठेवायचंय म्हणतोस ना?" थोरल्यांनी खाकरून गळा साफ केला. "तर मी सांगतो. माझी नोकरी सुरू झाली तेव्हा—"

"अरे थोरल्या, भात निवतोय," आक्का म्हणाल्या. "आत्मचरित्र पानं उचलल्यावर."

"पुढच्या पिढीला—"

"पुढची पिढी इथंच बसलीय," लेक म्हणाली, "आणि तिला भूक लागलीय." एवढं बोलून ती पाणी आणायला उठली. वायर तिच्या गळ्यात होती. वायरीबरोबर आक्कांची वायर उठली, आक्कांच्या वायरीबरोबर पापडाची थाळी चालायला लागली. "बस! बस! बस!" भाऊजी ओरडले आणि सगळं घर दाव्याला बांधल्यासारखं परत खाली बसलं. तेव्हापासून पाणी आधीच भरून ठेवायचा नियम झाला.

तीनचार दिवसांनी वहिनी डबा घेऊन भाऊजींच्या खोलीवर गेल्या. दार उघडंच होतं. भाऊजी कानांवर भलेमोठे हेडफोन चढवून पडद्यासमोर बसले होते आणि एकटेच खदखदा हसत होते. वहिनी समोर जाऊन उभ्या राहिल्या तेव्हा कुठे त्यांनी मान वर केली.

"आक्काचं चाललंय," ते म्हणाले. "केवढं बोलते हो ती! आणि केवढं मजेदार! इतके दिवस मी नुसते ओठ बघत होतो."

पडद्यावर एकाखाली एक चार पट्टे होते, डोंगरांच्या रांगांसारखे. प्रत्येक पट्ट्याला दोन बटणं. एक दाबलं की तोच माणूस एकटा बोलणार. दुसरं दाबलं की तो माणूस गप्प. भाऊजींनी दाखवलं: टेबलावर चौघांचा कालवा चाललाय, आणि हे दाबलं की थोरले गप्प.

"परत दाबा," वहिनी म्हणाल्या.

थोरले बोलायला लागले.

"आता परत."

थोरले गप्प.

इतक्या वर्षांच्या संसारात असं बटण कोणी आपल्याला दाखवलं नव्हतं, असं वहिनींच्या मनात आलं. लगेच त्यांनी मनातल्या मनात देवाची माफी मागितली आणि तिसऱ्यांदा बटण दाबलं.

"तुमचाही पट्टा ऐकला," भाऊजी जरा संकोचून म्हणाले. "जेवायच्या आधीचा."

वहिनी जेवायला बसताना मनात देवाला घरातल्या एकेकाचं सांगत. मनात, असा त्यांचा समज. ओठ हलत होते आणि ओठांपासून माइक चार बोटांवर होता.

"माझंही सांगता तुम्ही त्याला," भाऊजी म्हणाले.

"ते देवाशी बोलणं होतं," वहिनींचे कान लाल झाले. "तुम्ही कशाला मध्ये कान घातलात?"

"त्याच्याही आधी मलाच ऐकू आलं, त्याला मी काय करू? खोका माझा आहे."

त्यानंतरच्या रविवारी गंमत सुरू झाली. भाऊजी आले आणि बसल्या बसल्या म्हणाले, "आक्का, गुडघ्याला तेल लावून शेक घेणार होतीस, घेतलास का?" आक्का बघतच राहिल्या. ते आक्का आठवड्यापूर्वी बोलल्या होत्या, तेही लेक आणि थोरले पगारवाढीवरून हुज्जत घालत असताना, कोणी ऐकत नाही असं धरूनच. लेकीला त्यांनी तिच्या नव्या साहेबिणीबद्दल विचारलं. लेक म्हणाली, "काका, तुम्हाला आठवतं? आईबाबांना तर मी परत परत सांगते तरी आठवत नाही." दर रविवारी भाऊजी मागच्या रविवारचं बोलत. टेबलावर आज काय चाललंय त्यावर ते नेहमीसारखे हसत, मान डोलवत, आणि मध्येच आठवडाभर शिळं पण अगदी नेमकं उत्तर देत. घरात त्यांची ख्याती पसरली. "धाकट्यासारखं ऐकून घेणारं माणूस नाही," असं आक्का येईल त्याला सांगायला लागल्या. आणि हे ऐकताना वहिनींना हसू आवरायला ताटात तोंड घालावं लागे.

थोरल्यांची अढीसुद्धा सैल होत चालली होती. आणि तिथंच माती खाल्ली गेली.

एका रविवारी आक्का भाच्याच्या लग्नातल्या कुठल्याशा गोंधळाची गोष्ट रंगवून सांगत होत्या, लेक खिदळत होती. तेवढ्यात थोरले भाऊजींकडे वळले. ताटातला घास तसाच ठेवला. आणि ज्या माणसानं आयुष्यात मोटारीच्या भोंग्याच्या वरच्या पट्टीतच बोलायचं ठरवलं होतं, तो हळू बोलला. वहिनींना शेजारी बसून जेमतेम ऐकू आलं.

"मागची खोली रिकामी केलीय. रंगही देतोय. एकटा कशाला राहतोस तिकडे? इथं ये राहायला."

भाऊजींनी भावाचे ओठ हलताना पाहिले, लेकीला हसताना पाहिलं. म्हणजे विनोदाचं काहीतरी आहे, असं त्यांनी सवयीनं धरलं. ते मान मागे टाकून मनापासून हसले. "काहीतरीच तुझं, दादा!" असं म्हणून त्यांनी भावाच्या खांद्यावर थापही मारली.

थोरल्यांचा चेहरा एखादी खिडकी लावून घ्यावी तसा बंद झाला. उठता उठता ते स्वतःशीच काहीतरी पुटपुटले. गळ्याचा चिमटा काढून टेबलावर ठेवला, हात धुतले आणि आत जाऊन पडले.

"याला काय झालं?" आक्का म्हणाल्या.

वहिनींना काय झालं ते पूर्ण माहीत होतं, आणि तोंडाला वचनाचं कुलूप होतं.

पुढचे दिवस वाईट गेले. भाऊजी संध्याकाळी कोपऱ्यावर भेटले तर थोरले रस्ता ओलांडून पलीकडे जात. मागच्या खोलीतलं रंगाचं काम अर्ध्यावर थांबलं; रंगाचा डबा उघडा पडून वर साय धरली. "खोली भाड्यानं देऊन टाकू," थोरले म्हणाले. "लोकांना किंमत तरी असते." वहिनींनी विचार केला. नवऱ्याला सांगितलं तर वचन मोडतं. न सांगितलं तर दोन भाऊ मोडतात. सकाळी हात जोडून त्यांनी देवाला विचारलं. देव नेहमीसारखा थोडक्यात बोलला असावा, कारण वहिनी लगेच चप्पल घालून भाऊजींच्या खोलीवर निघाल्या.

"या रविवारचं ऐकलंत का?"

"आक्काचं झालं. पोरीचं झालं. तुमचंही झालं." भाऊजींचा चेहरा उतरलेला होता. "दादा का रागावलाय हो? काही कळत नाही."

"यांचा पट्टा ऐकलात?"

"दादाचा कशाला? त्याचं सगळं टेबलावरच ऐकू येतं मला. एवढा एकच तर माणूस आहे. त्याचा पट्टा मी कधी उघडतच नाही."

वहिनींचा कपाळाला हात लावायचा राहून गेला. "आज उघडा," त्या म्हणाल्या. "आक्का लग्नाचं सांगतायत ना, तिथं."

"तुम्हीच सांगा की काय म्हणाला."

"मी नाही सांगणार. ज्याचं त्यानंच सांगितलेलं बरं."

भाऊजींनी हेडफोन चढवले. बाकी तिघांना गप्प केलं. वहिनींना काहीच ऐकू येत नव्हतं, त्या नुसत्या चेहऱ्याकडे बघत होत्या. भाऊजींच्या भुवया आक्रसल्या. मागे गेले, आवाज मोठा केला, परत ऐकलं. तिसऱ्यांदा ऐकताना त्यांनी डोळे मिटून घेतले. आणि शेवटी कधीतरी त्यांचं स्वतःचंच हसणं भावाच्या माइकमधून त्यांच्या कानांवर आदळलं असणार, कारण ते विंचू चावल्यासारखे उठले. पायात घरातल्या सपाता, गळ्यात हेडफोन, मागे लोंबणारी वायर, अशा थाटात ते रस्त्याला लागले. वहिनी मागून दाराला कुलूप घालून धावत निघाल्या.

थोरले पायरीवर पेपर वाचत बसले होते. भावाला बघून त्यांनी पेपर आणखी वर धरला.

"दादा, मागची खोली म्हणालास ना?"

"कुठली खोली? आम्ही काही बोललो नाही."

"बोललास. हळू बोललास."

"मग ऐकलंस तर हसलास कशाला?"

"ऐकलं नाही म्हणून हसलो!"

पेपर थोडा खाली आला.

"मला ऐकू येत नाही, दादा," भाऊजी म्हणाले. "डाव्यानं नाहीच. उजव्यानं एकेकाचं येतं. तुम्ही सगळे बोलायला लागलात की मी नुसता हसतो. म्हणून येत नव्हतो जेवायला. म्हणून हे माइक. घरी बसून एकेकाचं ऐकतो मी."

थोरल्यांनी पेपर मांडीवर ठेवला. "आणि मला वाटत होतं…"

"काय वाटत होतं तेही ऐकलं. साहेब झालाय म्हणालास. हात धुवायला उठताना पुटपुटलास तेही आलंय. पेटलेल्या बसमध्ये बसेन पण याच्याशी बोलणार नाही म्हणालास."

"मग आधी सांगायला काय धाड भरली होती तुला?" थोरले असे गरजले की समोरच्या घराची खिडकी उघडली.

"सांगितलं असतं तर तू ओरडून बोलायला लागला असतास!"

"मी? मी कधी ओरडतो?"

खिडकीतली बाई हसून आत गेली. थोरल्यांनी मग मोर्चा बायकोकडे वळवला. "तुला माहीत होतं?"

वहिनी गप्प राहिल्या.

"बघ," थोरले भावाला म्हणाले, "ही गप्प. म्हणजे माहीत होतं." आणि उठून आत गेले. आतून रंगाच्या डब्यावरची साय खरवडल्याचा आवाज यायला लागला.

भाऊजी मागच्या खोलीत राहायला आले. खाट आली, हत्यारांची पेटी आली, कॉम्प्युटर आला, खोका आला. घंटीला हात लावायचा नाही, एवढी एकच अट थोरल्यांनी घातली. इथवर सगळं देवाच्या दयेनं झालं असंच वहिनी मानतात. यापुढचं मात्र घरातल्या माणसांनी केलं.

सगळे चांगले वागायला लागले. लेकीनं नियम काढला: एका वेळी एकानंच बोलायचं, आणि आधी हात वर करायचा. थोरले दाताच्या डॉक्टरपुढे बसल्यासारखा जबडा उघडून बोलायला लागले, "भाजी… चांगली… झालीय." इतका वेळ घेत की भाजी संपलेली असे. आयुष्यभर कोणाला वाक्य पुरं करू न दिलेल्या आक्का हात वर करून पाळीची वाट बघत बसत, आणि पाळी आली की म्हणत, "जाऊ दे, विसरले." कोणी थट्टा करेना. थट्टा नीट ऐकू गेली नाही तर धाकट्याला वाईट वाटेल. कोणी कुरकुर करेना, आजारी माणसाच्या उशाशी बसल्यासारखे सगळे हळुवार जेवत. भाऊजींना टेबलावर बसल्या बसल्या सगळ्यांचं सगळं ऐकू येत होतं. ऐकण्यासारखं त्यात काही नव्हतं. पाणी दे. मीठ आहे का. मी वाढू का.

अशा एका रविवारी जेवणं आटोपल्यावर वहिनी भांडी विसळत होत्या. भाऊजी येऊन शेजारी उभे राहिले, उजवा कान वहिनींकडे करून. हातात पुसायला ताट घेतलं आणि एकच ताट पुसत राहिले.

"आजचं बघितलं पडद्यावर," ते म्हणाले. "चारही पट्टे इस्त्री केल्यासारखे सपाट. चावण्याचा आवाज तेवढा आलाय. आक्काची कवळी वाजते, ती मात्र छान आलीय."

"तुमच्यासाठीच करतायत हो सगळे."

"माहीत आहे म्हणूनच तर त्यांना काही बोलता येत नाही." त्यांनी ताट खाली ठेवलं. "वहिनी, माझं एक काम कराल?"

"सांगा ना."

"येत्या रविवारी जेवताना तुम्ही दादाशी भांडा."

वहिनींच्या हातातला पेला निसटता निसटता राहिला. "मी? देवाचं नाव घेऊन बसते मी जेवायला."

"नाव घेऊन होऊ द्या, मग भांडा. कशावरूनही काढा. माझ्यावरून काढलंत तर उत्तमच. हा आला आणि घरात वायरीच वायरी झाल्या म्हणा. तुम्ही एक वाक्य बोललात की दादाला दम निघणार नाही. दादा सुटला की आक्का हात वर करायची विसरेल, आक्काच्या मागून पोरगी येईल. फक्त एकदा सुरू झालात की माझ्याकडे बघून कोणी थांबू नका. कोण काय म्हणालं ते मी नंतर बसून सुटं करीन. पण आधी तुम्ही सगळे एकदम बोला, वहिनी. एवढं माझ्यासाठी कराच."